ब्रेक नसलेली गाडी आणि आमची पोरं

शब-ए-बरात जवळ आली की मशिदीतून एक आवाहन हमखास होतं. आईवडिलांनी त्या रात्री मुलांच्या हातात गाडीची किल्ली देऊ नये. मुंबई-दिल्लीत तर पोलीस आधीपासून बॅरिकेड लावून उभे असतात. कब्रस्तानात जाऊन आपल्या गेलेल्या माणसांसाठी दुआ मागण्याची ती रात्र. पण सकाळी बातमी होते ती सायलेन्सर काढून, तिघं-तिघं बसून, एका चाकावर गाडी उचलणाऱ्या पोरांची. ते व्हिडिओ वर्षभर फिरतात. त्याखाली काय काय लिहिलं जातं ते इथे उतरवत नाही, आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे.

या पोरांना शिव्या घालणारे लेख बरेच आले, आपल्या बिरादरीतल्या लोकांनीही लिहिले. माझा मुद्दा वेगळा आहे. वेग आवडणं हा गुन्हा नाही. तो कुठे, कोणत्या नियमांखाली आणि कोणाच्या देखरेखीत आवडून घ्यायचा, याची सोय आपण त्यांना कधी दिलीच नाही. हे मी एका अशा खेळाचा चाहता म्हणून लिहितोय, ज्याचं नाव भंडारा जिल्ह्यात फार थोड्यांनी ऐकलं असेल. त्या खेळाला स्पीडवे म्हणतात.

भारतात ‘स्पीडवे’ म्हटलं की जाणकाराला कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे आठवतो. पण तो वळणावळणाचा डांबरी ट्रॅक, नाव तेवढं स्पीडवे. मी म्हणतोय तो खेळ मातीवरचा आहे. अंडाकृती धावपट्टी, लांबी साधारण २६० ते ४२५ मीटर. एका वेळी फक्त चार रायडर, फक्त चार फेऱ्या, तेही घड्याळाच्या उलट दिशेने. एक शर्यत जेमतेम एका मिनिटात संपते. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला भोपळा. लहान पोरालाही पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

गाडीचं म्हणाल तर एकच सिलिंडर, ५०० सीसी, पेट्रोलऐवजी मिथेनॉल. एकच गिअर. आणि ब्रेक नाही. बिघडलेला नव्हे, लावलेलाच नसतो, नियमानेच बंदी आहे. वळण आलं की रायडर मागचं चाक मुद्दाम बाहेर घसरवतो, पुढचं चाक वळणाच्या उलट दिशेला धरतो आणि डावा पाय जमिनीवर टेकवतो. त्या पायात बुटाखाली पोलादी तळ असतो. गाडी आडवी चालत वळण घेते, मागून मातीचा फवारा उडतो. ब्रेकचं काम ती घसरणच करते. ब्रेक का नाही, हेही ऐकण्यासारखं आहे. चौघे एकमेकांच्या चाकाला चाक लावून वळणात शिरतात. पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर मागचे तिघे त्याच्यावर. म्हणून कोणालाच ब्रेक नाही, हे सगळ्यांच्या भल्याचं.

आपल्याकडे ‘ब्रेक नसलेली पोरं’ म्हणतात ते वेगळ्या अर्थाने. म्हणून या खेळाचे नियम जरा सविस्तर सांगतो. सुरुवातीला चौघांच्या पुढे फीत ताणलेली असते. ती वर जायच्या आत कोणी पुढे सरकून तोडली, तर तो त्या शर्यतीतून बाद होतो किंवा १५ मीटर मागून निघतो. बोलावल्यावर दोन मिनिटांत रेषेवर आला नाही तर बाद. रायडरच्या मनगटाला एक दोरी बांधलेली असते. तो पडला की ती सुटते आणि इंजिन बंद पडतं, मोकळी गाडी कोणावर जात नाही. आणि ऐका, सायलेन्सर सक्तीचा आहे. बिगरब्रेकच्या गाडीलाही सायलेन्सर लागतो!

मला सगळ्यात आवडणारा नियम पडण्याबद्दलचा आहे. कोणी पडून शर्यत थांबवावी लागली, तर पंच ठरवतो की हे कोणामुळे झालं. ज्याच्यामुळे झालं तो बाहेर, बाकीचे पुन्हा रेषेवर येतात आणि शर्यत नव्याने होते. ज्याला पाडलं गेलं त्याला दुसरी संधी मिळते. रस्त्यावरच्या अपघातात आपल्याकडे नेमकं उलटं घडताना पाहिलंय. जो पडला त्याचीच चूक, त्यातून त्याचं नाव अमुक असेल तर पंचनाम्याआधीच निकाल.

या खेळाचा जन्म १९२३ सालचा मानतात, ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्समधल्या वेस्ट मेटलंडच्या जत्रेच्या मैदानावर. इंग्लंडात तो १९२८च्या फेब्रुवारीत लंडनजवळच्या हाय बीचला पोहोचला, एका हॉटेलमागच्या मोकळ्या जागेत. आयोजकांच्या अंदाजापलीकडे गर्दी लोटली. १९३६ला वेम्बलीवर पहिली जागतिक स्पर्धा झाली, ती ऑस्ट्रेलियाच्या लायोनेल व्हॅन प्रागने जिंकली. म्हणजे सुरुवात जत्रेत, आणि तेरा वर्षांत वेम्बली. पहिल्यापासून हा कामगारांचा, मेकॅनिकांचा, तिकीट काढून संध्याकाळी येणाऱ्या माणसांचा खेळ राहिला. फॉर्म्युला वनच्या झगमगाटाशी याचं फारसं नातं नाही.

जत्रेवरून ‘मौत का कुआँ’ आठवणं साहजिक आहे. उरुसात, यात्रेत फळ्यांची ती गोल विहीर आपण सगळ्यांनी पाहिली आहे. वरून वाकून पाहणारे आपण, आणि खाली भिंतीवर आडवी गाडी पळवणारा रायडर, दोन्ही हात सोडून लोकांच्या हातातली नोट खेचून घेणारा. गाडी घसरू न देता भिंतीला धरून ठेवण्यासाठी वेग नेमका किती हवा, हे त्याला कोणत्याही प्रोफेसरपेक्षा चांगलं कळतं. पण त्याला हेल्मेट नाही, विमा नाही, गुणफलक नाही, त्याच्या नावाची नोंद कुठे नाही. पडला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा. स्पीडवेच्या रायडरकडे आणि या माणसाकडे धाडस सारखंच आहे. एकाच्या पाठीशी संघटना, डॉक्टर, करार, इतिहास आहे. दुसऱ्याच्या पाठीशी भोंगा लावून ओरडणारा मालक.

आता रायडरांबद्दल, कारण चाहता म्हटलं की पक्षपात आलाच. सध्याचा राजा पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक. २०१९, २०२०, २०२२, २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सहा जागतिक विजेतेपदं. न्यूझीलंडचा आयव्हन मेजर आणि स्वीडनचा टोनी रिकार्डसन या दोघांच्या विक्रमाशी त्याने बरोबरी केली आहे. झ्मार्झलिक बाहेरच्या कठड्याला अंग घासत असा निघतो की तिथे जागा होती हे तो गेल्यावर कळतं. २०२३ला डेन्मार्कमध्ये व्होयन्सला सरावात ठरवून दिलेला पोशाख घातला नाही म्हणून त्याला पूर्ण स्पर्धेतून बाद केलं. विजेतेपद हातातोंडाशी आलेलं असताना! शिक्षा मला जास्त वाटली, आजही वाटते. कपड्यासाठी दंड घ्यावा, शर्यत हिरावू नये. पण नियम राजालाही लागू होतो, हे आमच्या भागात क्वचित दिसणारं दृश्य मी मन लावून पाहिलं. पुढच्या फेरीत त्याने विजेतेपद जिंकलंच.

माझं मन मात्र दुसऱ्या एकावर आहे, एमिल सैफुत्दिनोववर. ‘ओव’ काढा, सैफुद्दीन उरतो. नाव पाहून चाहता व्हायचं नसतं हे मला कळतं. मी झालो ते त्याची शर्यत पाहून, आणि नाव नंतर पाहून जरा जास्त. २००७ आणि २००८ला तो २१ वर्षांखालील गटाचा जगज्जेता होता. २००९ला प्रागला मुख्य स्पर्धेत पहिल्यांदा उतरला आणि पहिल्याच रात्री जिंकला, वय १९. त्या वर्षी जगात तिसरा. २०१९लाही तिसरा, २०२१लाही तिसरा.

तो रशियातल्या बाश्कोर्तोस्तानातल्या सालावातचा. हा तातार आणि बाश्कीर मुसलमानांचा जुना मुलूख. आणि सालावात हे गाव पेट्रोकेमिकल कारखान्यासाठी १९४८च्या सुमारास नव्याने वसवलेलं. कारखाना आधी, गाव नंतर. हे वाचलं तेव्हा मी थबकलो, कारण माझं गावही असंच आहे. जवाहरनगर म्हणजे आयुध निर्माणी, भंडारा. साठच्या दशकात कारखाना आला आणि त्याच्यासोबत क्वार्टरं, शाळा, दवाखाना, मैदान. भोंग्यावर चालणारं गाव. ठाणा पेट्रोलपंपाच्या बाजूने नागपूर-रायपूर महामार्ग जातो, आणि आमच्या पोरांना वेग दाखवायला तेवढीच एक सरळ पट्टी आहे.

त्याच भागातल्या उफा शहरात त्याच्या आधी एक मोठं नाव होऊन गेलं, गब्दरहमान कादिरोव. गब्दरहमान म्हणजे आपला अब्दुर्रहमान, त्या बोलीत उच्चार बदललेला. तो बर्फावरच्या स्पीडवेचा बादशहा. तिथे टायरमध्ये लांब खिळे रोवून गोठलेल्या ट्रॅकवर शर्यत होते. १९६६ला पहिली जागतिक स्पर्धा झाली ती त्याने जिंकली, मग १९६८, १९६९, १९७१, १९७२, १९७३. सहा वेळा. सोव्हिएत काळात मोटारसायकलचे क्लब सरकारी छत्राखाली चालत. कामगाराचं पोर तिथे जाऊन गाडी शिकायचं, तिथेच तिची दुरुस्ती शिकायचं. त्या राजवटीचे इतर गुण मी गात नाही. पण वेगाची आवड असलेल्या पोराला जायला एक दरवाजा होता, एवढं खरं.

सैफुत्दिनोवच्या नशिबी पुढे आणखी एक वळण आलं. २०२१ला रशियाचा आर्तेम लागुता जगज्जेता झाला आणि सैफुत्दिनोव तिसरा. दोघांनी मिळून २०१८ ते २०२० सलग तीन वर्षं देशोदेशींच्या जोड्यांची स्पर्धाही जिंकली होती. मग २०२२ला युक्रेनवर हल्ला झाला आणि आंतरराष्ट्रीय संघटनेने रशियन रायडरांचे परवाने थांबवले. जगज्जेत्याला आपलं विजेतेपद राखायला मैदानात उतरताच आलं नाही. दोघेही वर्षानुवर्षं पोलंडमध्ये खेळलेले, दोघांकडे पोलंडचं नागरिकत्व. २०२३ला पोलंडच्या लीगमध्ये ते परतले.

हल्ला चुकीचा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पुतिनने काय केलं याचं उत्तर सैफुत्दिनोवकडून वसूल करणं मला पटलेलं नाही. पोलंडमधले माझे आवडते समालोचकसुद्धा त्या वेळी बंदीच्या बाजूने होते. त्यांच्या शेजारच्या घरात निर्वासित येऊन राहिले होते, त्यांचा राग मी समजू शकतो. तरीही दूर कुठे काही घडलं की ‘तू आधी निषेध कर, मग बोलू’ असं ज्यांना आयुष्यभर ऐकावं लागतं, त्यांना त्या रायडरची जागा ओळखीची वाटणार. पंचाचा तो नियम आठवा. ज्याच्यामुळे झालं तो बाहेर. इथे सगळेच बाहेर काढले.

हा खेळ मोठ्या शहरांचा असेल असं वाटलं तर तसं नाही, आणि म्हणून मी तो जवाहरनगरात बसून मांडतोय. पोलंडमधलं लेश्नो सुमारे ६० हजार वस्तीचं गाव. २०११च्या जनगणनेत भंडारा शहर ९० हजारांच्या वर होतं. त्या लेश्नोच्या संघाने २०१७ ते २०२० सलग चार वर्षं देशाची लीग जिंकली, आणि मैदान गच्च भरत होतं. डेन्मार्कचं व्होयन्स त्याहून कितीतरी लहान. तिथला ट्रॅक तीन वेळच्या जगज्जेत्या ओले ओल्सनने १९७५ला स्वतः उभा केला. स्वीडनमधलं मॉलिला तर दीड हजार माणसांचं. तिथे जागतिक मालिकेच्या स्पर्धा झाल्या आहेत. दीड हजार! आमच्या ठाण्याच्या बाजाराच्या दिवशी याहून जास्त माणसं असतात.

आपल्याकडे काय झालं? २०२३च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी आली, इटलीच्या मार्को बेझेकीने ती जिंकली, आणि दुसऱ्या वर्षी ती आलीच नाही. पाच किलोमीटरांचा ट्रॅक, शेकडो एकर जागा. पुण्यात २०२४च्या जानेवारीत बालेवाडीला सुपरक्रॉसची लीग सुरू झाली. मातीचे उंचवटे, परदेशी रायडर, संघमालक, दिव्यांचा खेळ. मला ती आवडली. पुणे-नाशिककडे मातीवरच्या शर्यतींची जुनी हौस आहे आणि तिथली मुलं तयार आहेत. बंगळुरूच्या ऐश्वर्या पिसेने २०१९ला महिलांच्या बाजा वर्ल्ड कपमध्ये जगज्जेतेपद मिळवलं. केरळचा हरिथ नोआ २०२४ला डकार रॅलीत आपल्या गटात पहिला आला. म्हणजे रायडर आहेत. पण वैनगंगेच्या या बाजूला काहीच नाही. इथल्या पोराने पुण्याला जाऊन, लाखांची गाडी घेऊन, मग सुरुवात करायची?

स्पीडवेचं गणित वेगळं बसतं. जिल्हा क्रीडासंकुलातल्या ४०० मीटर धावपट्टीएवढी जागा पुरते. माती आपलीच, पाण्याचा टँकर हवा, वळणावर हवा भरलेली कुंपणं हवीत, रुग्णवाहिका आणि एक कडक पंच हवा. परदेशी इंजिन पहिल्याच दिवशी लागत नाही. हाय बीचला तरी काय होतं? रस्त्यावरच्या गाड्या थोड्या सोलून आणलेल्या. आपल्याकडे १०० सीसीच्या जुन्या गाड्या भंगारात पडून आहेत, आणि त्यांना जिवंत करणारे हात प्रत्येक नाक्यावर आहेत. त्यातले किती हात आपल्या मोहल्ल्यातले आहेत ते मोजायला नको. शाळा सातवी-आठवीत सुटलेला पोरगा कानाने टॅपेट जुळवतो. स्पीडवेत रायडरच्या मागे असा एक इंजिन जुळवणारा माणूस असतो, आणि चाहते त्याचंही नाव घेतात.

योगायोग म्हणजे या खेळातलं एक जुनं नाव आपल्या घरातलंच आहे. चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीची स्पीडवे इंजिनं साठ-सत्तरच्या दशकात या खेळावर राज्य करत होती. मेजर आणि ओल्सन जावावर जगज्जेते झाले. त्याच जावाच्या रस्त्यावरच्या गाड्या १९६१पासून म्हैसूरला इराणी कुटुंबाच्या कारखान्यात बनू लागल्या, पुढे त्यांचंच नाव येझदी झालं. आमच्या वसाहतीत एकेकाळी दर चौथ्या क्वार्टरसमोर येझदी उभी असायची.

धोक्याचा आक्षेप येणार, आणि तो मी हलका करणार नाही. १३ मे २०१२ला इंग्लंडचा ली रिचर्डसन पोलंडमधल्या व्रोत्सवाफला शर्यतीत पडून गेला. २१ वर्षांखालील गटाचा दोन वेळचा जगज्जेता ऑस्ट्रेलियाचा डार्सी वॉर्ड २०१५ला झेलोना गुराच्या ट्रॅकवर पडला आणि चाकाच्या खुर्चीत गेला, वय २३. आपल्याकडे २०२३च्या ऑगस्टमध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर १३ वर्षांचा मुलगा गेला. त्या वयाच्या पोराला मोठ्या गाडीवर बसवायला मी कधीच हो म्हणणार नाही. मरणाला शौर्य म्हणून विकणाऱ्यांचा मला तिटकारा आहे, आणि जवाहरनगरच्या माणसाला तो असायलाच हवा. २४ जानेवारी २०२५च्या सकाळी आमच्या कारखान्यात स्फोट झाला आणि कामगार गेले. त्यानंतर ‘काम म्हटलं की धोका आलाच’ हे वाक्य इथे कोणी बोललं तर लोक त्याच्याकडे बघत राहतात. सुरक्षितता भिंतीवर रंगवून येत नाही, तिच्यावर पैसा आणि वेळ घालावा लागतो. म्हणूनच मी ट्रॅक मागतो. महामार्गावर त्या पोराला दोरी नाही, कुंपण नाही, पंच नाही, समोरून कोळशाचा ट्रक आहे.

आमच्या ओळखीच्या एका मौलाना साहेबांशी यावर बोललो. त्यांचं म्हणणं, जिवाशी खेळ मना आहे. मी म्हटलं, प्रेषितांच्या काळात घोड्यांच्या शर्यती लागत, हे हदीसमध्ये तुम्हीच आम्हाला शिकवलंत. ते हसले, म्हणाले, “त्यात पैज नव्हती, आणि घोडा तयार केलेला होता.” दोन्ही अटी मला मान्य आहेत. पैज नको, आणि तयारीशिवाय कोणी उतरू नये.

सरकारी परवानगीचा प्रश्न राहतो. त्याचंही उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. शंकरपट बंद होता, लोक चोरून भरवत होते. डिसेंबर २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह वाट मोकळी केली, मे २०२३ला घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. आता परवानगी घेऊन पट भरतो, पशुवैद्य हजर असतो, लोक सेकंदाच्या हिशेबाने जोडी ओळखतात आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक बघून घरी जातात. सेकंदाचं मोल कळणारा असा प्रेक्षक स्पीडवेला शोधावा लागणार नाही. बैलांसाठी जे झालं ते पोरांसाठी का होऊ नये, हा प्रश्न मी पालकमंत्र्यांना विचारायला तयार आहे. मशिदीच्या कमिटीलाही विचारेन. किल्ली काढून घ्या म्हणता, ठीक आहे, पण मग त्या पोराला पाठवायचं कुठे?

ठाण्याच्या एका गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोराला मी फोनवर सैफुत्दिनोवची प्रागची शर्यत दाखवली. त्याने दोनदा पाहिली. तिसऱ्यांदा आवाज वाढवून नुसतं इंजिन ऐकलं. मग म्हणाला, “चाचा, हा वळणात थ्रॉटल सोडतच नाही.” आणि लगेच विचारलं की मागच्या चाकाला किती दातांची चकती लावतात. तेवढं मला माहीत नव्हतं. शोधून सांगतो म्हटलं.